करडई, करडी, कुसुंबी – एकच झाड का?

परवा दादर स्टेशनबाहेर एका मावशींकडे करडईची भाजी दिसली, पानं लांबट, कडेला बारीक दाते, जुडी घेऊन आले. घरात तेलाच्या डब्यावर करडी लिहिलंय आणि सासूबाई म्हणतात त्यांच्या आईचं कुसुंबी लुगडं होतं तोही रंग ह्याचाच. खरंच का? आणि भाजी कशी करायची?

– हो ताई, तिन्ही एकच झाड. मी सोलापूरकडचा, आता मुलुंडला असतो. आमच्याकडे शेतात आणि चुलीपाशी करडई म्हणतात, तेलाला मात्र करडीचं तेल, आणि फुलाच्या रंगाला कुसुंबी, तो संस्कृत कुसुंभवरून आलाय. करडा रंग म्हणजे राखाडी, त्याचा इथे संबंध लावू नका, करडईचं फूल पिवळं-केशरी असतं.

कुसुंबी शब्दात तर मोठी गंमत आहे. पाकळ्या पाण्यात धुतल्या की आधी पिवळा रंग निघून जातो, मग खाराच्या (अल्कलीच्या) पाण्यात लाल सुटतो, आणि त्यात आंबट घातलं की कापडावर गुलाबी चढतो. दिसायला फार सुंदर पण उन्हात विटतो. म्हणूनच संस्कृत साहित्यशास्त्रात प्रेमाचे तीन प्रकार सांगताना जे शोभतं पण टिकत नाही त्याला कुसुंभराग म्हटलंय, आणि जे शोभतं पण आणि टिकतं पण तो मंजिष्ठाराग (मंजिष्ठा म्हणजे पक्का लाल रंग देणारी मुळी). रंगाऱ्याचं ज्ञान थेट काव्यात गेलंय, मला हे फार आवडतं.

भाजी कोवळीच घ्या, नंतर पानाला काटे येतात. इतके की ज्वारीच्या कडेने करडई पेरली तर गुरं आत शिरत नाहीत, आणि काढणी पहाटे करतात कारण दवाने काटे मऊ पडतात. बारीक चिरून, मुगाची डाळ भिजवून, भरपूर लसणाची फोडणी द्यायची, बास. किंवा कच्चीच चिरून दाण्याचं कूट, मीठ, कच्चं तेल घालून घोळाणा, गरम भाकरीबरोबर. आजी बिया भिजवून पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळलं की पांढरंशुभ्र दूध निघायचं, त्यात गहू आणि गूळ घालून खीर. मुंबईत करडई म्हटलं की लोकांना फक्त तेल आठवतं ह्याचं खरंच वाईट वाटतं.

एक सांभाळा, मला एकदा बाजारात केशर म्हणून हीच फुलं मिळालीत. केशराची काडी टोकाला तुतारीसारखी रुंद होते, करडईची पाकळी म्हणजे बारीक नळी आणि टोकाला पाच फाटे. भिंगातून लगेच कळतं.

– दादा, मुगाची डाळ घालून केली. थोडी कडसर लागली पण सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली. आता पुढच्या जुडीचा घोळाणा.