ढोलकीची थाप मरतेय, कुठला कॉम्प्रेसर लावू?

ढोलकीवाला: घरीच लावणी मिक्स करतोय. ढोलकीला ११७६ या कॉम्प्रेसरचं (आवाजाचे चढ दाबणाऱ्या यंत्राचं) प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअर नक्कल, लावलं. थाप सुटावी म्हणून ॲटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, पार ७ वर नेला. तरी थाप पुठ्ठ्यावर मारल्यासारखी येते. गाणाऱ्या बाईंचा आवाजही मध्येच बुडतो.

कानसेन: अहो, तो नॉब उलटा चालतो! ७ म्हणजे २० मायक्रोसेकंद, सगळ्यात जलद, म्हणून थापेची सुरुवातच दाबली जाते. १ वर आणलात तरी ८०० मायक्रोसेकंदच. थाप मोकळी हवी असेल तर व्हीसीए (विद्युतदाबाने पातळी बदलणाऱ्या) जातीचा कॉम्प्रेसर घ्या, ॲटॅक ३० मिलिसेकंद, रेशो (किती दाबायचं ते प्रमाण) ४:१. मी तरी ढोलकीला तोच लावतो.

रात्रपाळी: बाईंच्या आवाजाला एलए-२ए कॉम्प्रेसर. ऑप्टिकल (प्रकाशाच्या आधारे दाबणारा) आहे, ॲटॅक साधारण १० मिलिसेकंद, सावकाश सोडतो. पण बुडणारे शब्द आधी हाताने व्हॉल्यूम वाढवून सारखे करा. सगळं कॉम्प्रेसरवर ढकलू नका. मास्टरवर (पूर्ण मिक्सवर) २:१, किती दाबलं ते दाखवणारा काटा एक-दोन डीबीच हलू दे.

ढोलकीवाला: उलटा नॉब! दोन रात्री वाया गेल्या राव. व्हीसीएवर ३० ठेवलं, ‘धा’ आता खणखणीत. बाईंचं उद्या बघतो, शेजारी भिंत ठोकतायत.