एजन्सी अकाउंट घ्यावं की आपलं कार्डवालंच बरं?

सेलनंतर_झोप

मंडळी, जरा डोकं चालवा इथे. फेसबुक-इन्स्टावर ॲड्स चालवतो, दोनेक वर्षं झाली, स्वतःचं छोटं ऑनलाइन दुकान आहे, टीम म्हणजे मी आणि माझी बहीण. अकाउंट आपलं, कार्ड आपलं. आतापर्यंत ठीक चाललं होतं पण गेल्या दोन महिन्यांत तीनदा पेमेंट फेल झालं, कार्डावर लिमिट शिल्लक होतं हो, तरी फेल! रात्री दोनला कधीतरी सगळं बंद पडतं आणि मला सकाळी मोबाइल हातात घेतल्यावर कळतं, तोवर आठ तास गेलेले. परवा तर ऐन सेलच्या दिवशी झालं. लर्निंग (ॲड कोणाला दाखवायची हे फेसबुकची सिस्टीम शिकते ते) पण परत शून्यावर आलं असणार.

आता एकजण मेसेंजरवर हात धुऊन मागे लागलाय, म्हणे एजन्सी अकाउंट घ्या, लिमिट नाही, बॅन होत नाही, कार्डाची कटकट नाही, टॉप-अप करा आणि चालवा, वर थोडी टक्केवारी द्यायची. ऐकायला भारी वाटतंय म्हणूनच भीती वाटतेय. कोणी वापरलंय का? कार्डवाल्यात आणि यात नक्की फरक काय पडतो?

आकडेमोड

आधी एक गोष्ट, लर्निंगचं. एका रात्रीत ते शून्यावर येत नाही. ॲड सेट (एकत्र चालणाऱ्या ॲड्सचा गट) ७ दिवस किंवा जास्त बंद राहिला तर परत पहिल्यापासून सुरू होतं, आठ तासांचं तसं नाही. विक्री गेली ती गेली, पण लर्निंगच्या नावाने रडू नका :)

आता मुद्दा. "एजन्सी अकाउंट" या एकाच शब्दात लोक तीन वेगळ्या गोष्टी कोंबतात आणि मग गोंधळ होतो. एक म्हणजे अकाउंट तुमचं, कार्ड तुमचं, एजन्सीला फक्त पार्टनर म्हणून आत घेतलंय, ते ॲड्स बनवतात आणि फी घेतात. यात बिलिंग काहीच बदलत नाही, कार्ड फेल झालं की तेही हात वर करणार. दुसरं म्हणजे एजन्सीला मेटाकडून, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीकडून, क्रेडिट लाइन (उधारीची सोय) असते, महिन्याचं एकच इन्व्हॉइस येतं, तुमच्या ॲड्स त्यांच्या बिझनेस मॅनेजरमधल्या (पेज, अकाउंट वगैरे एकत्र सांभाळायचं मेटाचं टूल) अकाउंटवरून चालतात आणि पैसे तुम्ही एजन्सीला देता. आणि तिसरं तुमचा मेसेंजरवाला विकतोय ते, भाड्याचं अकाउंट. तो ॲड्स बनवणार नाही, सल्ला देणार नाही, नुसतं अकाउंट देणार आणि टॉप-अपवर टक्के कापणार. तुम्ही तुलना करताय ती कार्ड आणि या तिसऱ्याची. दुसऱ्याची चौकशी केली असती तर गोष्ट वेगळी होती.

टक्केवारीचं पण नीट विचारा हं. समजा तो ५ टक्के म्हणतो. तुम्ही १००० भरले आणि ॲड्सला ९५० गेले, की तुम्ही १०५० भरले आणि १००० गेले? ऐकायला सारखंच पण पहिल्यात खरा दर ५.२६ पडतो. फार नाही, पण दर टॉप-अपला पडतो.

कार्ड फेल का होतंय ते अजून तुम्ही शोधलेलंच नाही असं दिसतंय. मेटा पैसे कसे कापतं माहितीये ना, एक थ्रेशोल्ड असतो, तेवढा खर्च झाला की लगेच कापतं, नाहीतर महिन्याच्या बिलाच्या तारखेला, जे आधी येईल ते. नवीन अकाउंटला थ्रेशोल्ड छोटा असतो, पेमेंट नीट होत गेली की वाढतो. आता खर्च मोठा आणि थ्रेशोल्ड छोटा असेल तर सेलच्या दिवशी कार्डावर दिवसभर टक टक टक चार्जेस पडणार आणि बँकेच्या सिस्टीमला वाटणार कोणीतरी कार्ड चोरलंय. त्यात डेली बजेट म्हणजे रोजची कमाल मर्यादा असं समजू नका, मेटा एखाद्या दिवशी ७५ टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करू शकतं, आठवड्याचा हिशोब मात्र सात दिवसांच्या बजेटबाहेर जात नाही. म्हणजे १०० लावले तर एखाद्या दिवशी १७५ जातील पण आठवड्यात ७०० च्या वर नाही. (गूगलवाले तर एका दिवशी दुप्पट खर्चतात, महिन्याला रोजच्या बजेटच्या ३०.४ पट एवढी मर्यादा.) कार्डाचं रोजचं लिमिट तुम्ही १०० च्या हिशोबाने ठेवलं असेल तर ते फेल होणारच की.

पोळलेला

भाऊ थांबा, घेऊ नका ते, मी घेतलं होतं, सांगतो काय झालं ते. आमचं पण असंच, कार्ड फेल फेल फेल, वैतागून एकाकडून एजन्सी अकाउंट घेतलं, पहिले दोन महिने खरंच मस्त, टॉप-अप केलं की तासाभरात बॅलन्स दिसायचा, मी तर चार मित्रांना सांगितलं पण घ्या म्हणून, आणि तिसऱ्या महिन्यात एका सकाळी अकाउंट डिसेबल. माझ्या ॲडमध्ये काहीच नव्हतं, त्याच बिझनेस मॅनेजरमध्ये दुसरा कोणीतरी भलतंसलतं विकत होता आणि त्याच्यापायी सगळी लाइनच गेली. मी रिव्ह्यू टाकायला गेलो तर बटणच नाही, कारण अकाउंट माझं नाहीच ना, मी तिथे पाहुणा! त्यांना मेसेज केला तर म्हणाले आम्ही अपील केलंय, मग म्हणाले नवीन देतो, ते दिलं. पण जुन्यातला बॅलन्स? तो आधी मेटा त्यांना देणार आणि मग ते मला देणार. अर्धा मिळाला चार महिन्यांनी, उरलेल्याचं विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे".

पण पैशापेक्षा मोठं दुखणं पिक्सेलचं, म्हणजे वेबसाइटवर कोण आलं, कोणी काय घेतलं हे टिपणाऱ्या कोडचं. माझ्याच मूर्खपणाने पिक्सेल त्यांच्या बिझनेस मॅनेजरमध्ये बनवला होता, "आम्ही सेटअप करून देतो सर" म्हणाले आणि मी पण बरं म्हटलं. अकाउंट गेलं तसा पिक्सेल पण गेला, त्याच्यावर बांधलेल्या ऑडियन्स (ॲड दाखवायच्या लोकांच्या याद्या) पण गेल्या. माझ्या गिऱ्हाइकांचा डेटा आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. अजून आठवलं की डोकं फिरतं.

एजन्सीवाली

मी एजन्सीत काम करते, म्हणजे माझं मत थोडं वाकडं असणार, धरून चाला. तरी सगळ्या एजन्सी अकाउंटना एकाच माळेत ओवू नका प्लीज. मोठा खर्च असेल तर क्रेडिट लाइनचा खरंच फायदा असतो. आज ॲड चालली, माल आज विकला गेला, आणि पैसे इन्व्हॉइसनंतर ठरलेल्या मुदतीत भरायचे, हातात रोकड राहते. दिवसातून दहा चार्ज नाहीत, एक बिल. मेटाचा माणूस फोनवर मिळायची शक्यता पण जास्त. आणि हो, छोट्या नव्या क्लायंटकडून आम्हीसुद्धा ॲडव्हान्सच घेतो, कारण क्लायंट पळाला तर मेटाला पैसे आम्हाला द्यावे लागतात. तेव्हा "एजन्सीकडे गेलो म्हणजे उधारी मिळाली" असं नसतं, उधारी एजन्सीला मिळते. तुमच्यापर्यंत ती येईलच असं नाही.

पण "बॅन होत नाही" म्हणणारा जो कोणी असेल त्याच्यापासून लांब राहा. बॅन फक्त ॲड अकाउंटपुरता नसतो, पेज अडकतं, डोमेन अडकतं, माणसाचं प्रोफाइल अडकतं. तुमची ॲड पॉलिसीत बसत नसेल तर ती कोणाच्याही अकाउंटवर बसणार नाही. उलट एकदा कारवाई झाल्यावर दुसऱ्याच्या अकाउंटवरून तेच चालवलं तर ती पळवाट म्हणून वेगळा गुन्हा धरला जातो, आणि मग सुटका अवघड.

मी तर क्लायंटला स्वतःच सांगते की पेज, पिक्सेल, डोमेन, कॅटलॉग तुमच्या बिझनेस मॅनेजरमध्ये ठेवा आणि आम्हाला पार्टनर म्हणून शेअर करा. ॲड अकाउंट आमच्याकडे तयार झालं तर ते पुढे तुमच्या नावावर करून देता येत नाही, मेटा तसं करूच देत नाही, म्हणजे सोडून जाताना कॅम्पेनचा इतिहास आमच्याकडेच राहणार. पिक्सेल तुमचा असेल तर निदान नवीन अकाउंट अगदीच आंधळं सुरू होत नाही. गूगलला हे बरं आहे, तिथे एजन्सीच्या मॅनेजर अकाउंटपासून क्लायंटचं अकाउंट सोडवलं की इतिहासासकट ते क्लायंटकडेच राहतं. आणि करारात ॲडचा खर्च वेगळा, आमची फी वेगळी लिहून घ्या, उरलेला बॅलन्स किती दिवसांत परत तेही लिहून घ्या. कोणी त्यावर नाक मुरडलं तर समजून जा.

आकडेमोड

वरच्या ताईंचं इन्व्हॉइसवरून आठवलं. कार्डवाल्यात पावती थेट मेटाची, तुमच्या धंद्याच्या नावावर. एजन्सीच्या अकाउंटवर मेटाची पावती एजन्सीच्या नावावर आणि तुम्हाला मिळते ती एजन्सीची. भाड्याच्या अकाउंटवाले तर कधीकधी नुसता वॉलेटचा स्क्रीनशॉट पाठवतात! हिशोब बघणाऱ्या माणसाला आधी विचारा त्याला ते चालतं का.

करन्सीचं पण बघा, अकाउंट परक्या करन्सीत असेल तर कार्डवर बँक प्रत्येक चार्जला तिचा हिस्सा घेते. पण मेटावर करन्सी बदलायला गेलात तर जुनं ॲड अकाउंट बंद होऊन नवीन तयार होतं, तेव्हा सेलच्या आदल्या दिवशी असला प्रयोग नको.

मधलाच_कोणीतरी

मला वाटतं दोन्ही ठेवा ना, एक आपलं आणि एक एजन्सीचं, एक पडलं तर दुसरं.

एजन्सीवाली

ऐकायला छान, पण बजेट अर्धं अर्धं झालं की दोघांनाही पुरेसा डेटा मिळत नाही. लर्निंगमधून बाहेर पडायला एका ॲड सेटला आठवड्यात साधारण ५० कन्व्हर्जन (खरेदीसारखी आपल्याला हवी ती कृती) लागतात. छोट्या दुकानाला एका अकाउंटवरच ते जमताना नाकी नऊ येतात, त्यात वाटणी केली तर दोन्हीकडे अर्धवट. शिवाय एकाच गिऱ्हाइकासाठी आपल्याच दोन ॲड्स मागे लागल्या असं पण होतं. मोठा खर्च असेल तर ठीक.

सेलनंतर_झोप

सगळ्यांना धन्यवाद, खरंच. अपडेट देतो. @आकडेमोड तुमचं बरोबर निघालं. बँकेला फोन केला, अर्धा तास होल्डवर, शेवटी एकीने सांगितलं की एका दिवसात एकाच ठिकाणी ठराविक संख्येपेक्षा जास्त वेळा पैसे गेले की त्यांची सिस्टीम पुढचा चार्ज अडवते. लिमिट किती शिल्लक आहे याच्याशी संबंधच नाही! आणि रात्री मेसेज येतो "हा व्यवहार तुम्हीच केला का" म्हणून, तो मी झोपेत, उत्तर कोण देणार. आता दुसऱ्या बँकेचं कार्ड बॅकअप म्हणून जोडलंय, पहिलं फेल झालं तर मेटा आपोआप दुसऱ्यावर जातं असं वाचलं. रात्री झोपायच्या आधी "पे नाऊ" करून थकलेलं भरून टाकतोय, म्हणजे रात्रीत थ्रेशोल्डला पोचायची शक्यता कमी. सध्या आठ दिवस झाले, एकदाही बंद पडलं नाही.

मेसेंजरवाल्याला मी @पोळलेला यांचाच प्रश्न टाकला, अकाउंट बंद झालं तर बॅलन्स किती दिवसांत परत आणि पिक्सेल कोणाच्या नावावर. तेव्हापासून मेसेज बघितल्याचं दिसतंय, उत्तर नाही. आधी तासाला दोन मेसेज यायचे.

एक शेवटचं, हा थ्रेशोल्ड मला स्वतःला वाढवता येतो का? म्हणजे चार्जेसच कमी पडतील.

आकडेमोड

बहुतेक वेळा तो पेमेंट नीट होत गेलं की आपोआपच वाढतो, म्हणून आता एकही फेल होऊ देऊ नका. बिलिंग सेटिंगमध्ये थ्रेशोल्ड बदलायचा पर्याय काही अकाउंटना दिसतो, तुम्हाला दिसतोय का बघा. आणि तिथेच अकाउंट स्पेंडिंग लिमिट (अकाउंटच्या एकूण खर्चावरची मर्यादा) पण बघून घ्या, ते तुम्ही कधीतरी लावून विसरला असाल तर पुढच्या सेलला बँकेला शिव्या घालाल आणि दोष तुमचाच असेल.

सेलनंतर_झोप

बघितलं. लावलेलं होतं 🤦 बहिणीने, मागच्या वर्षी. काढलं.