मूत्राशयाचा कर्करोग: पस्तिशीत आणि पंच्याहत्तरीत नेमका काय फरक?

शंकेखोर
तरुणांत हा कर्करोग सौम्य असतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते वयामुळे की आणखी कशामुळे? तपासण्या आणि उपचार वयानुसार बदलतात का?

सूक्ष्मदर्शी
सौम्य वय नसतं, गाठ असते. चाळिशीआधी हा रोग विरळा, आणि तेव्हा सापडणाऱ्या गाठी बहुतेक लो ग्रेड (पेशी कमी आक्रमक) आणि टीए स्टेजच्या, म्हणजे आतल्या अस्तरापुरत्या. आकडे चांगले दिसतात ते त्यामुळे. ग्रेड (पेशी किती आक्रमक) आणि स्टेज (रोग किती खोल) सारखी धरून तुलना केली की अंतर बरंच कमी होतं. वय अगदीच बिनमहत्त्वाचं नाही. युरोपियन युरॉलॉजी असोसिएशनच्या २०२१च्या जोखीम-गटांत ७० वर्षांपुढचं वय, एकाहून अधिक गाठी आणि ३ सेंमी किंवा मोठी गाठ हे जोखीम वाढवणारे घटक आहेत. पण पस्तिशीतला हाय ग्रेड टी१ (आक्रमक पेशी, अस्तराखालच्या थरात शिरलेल्या, स्नायूत नाही) हा हाय ग्रेड टी१च. २ ते ६ आठवड्यांत पुन्हा टीयूआर (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडणं) करायचा, "लहान वय आहे, बघू" नाही. खरवडलेल्या तुकड्याच्या रिपोर्टमध्ये डिट्रूसर, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू, आलाय का तेही पाहा. नसेल तर रोग स्नायूत शिरला नाही असं म्हणता येत नाही.

रक्तलघवी
तरुणांत खरा घोळ निदानाआधी होतो. लघवीत रक्त दिसलं की इन्फेक्शन, खडा, बायकांत पाळी असं काहीतरी गृहीत धरतात आणि कल्चर (लघवीत जंतू आहेत का याची तपासणी) न करताच अँटिबायोटिक देतात. गाठीचं रक्त आपोआप थांबतं, पुन्हा येतं. श्रेय मात्र गोळ्यांना मिळतं. कल्चर निगेटिव्ह असेल तर विषय बंद करू नका. पॉझिटिव्ह असेल तर उपचारानंतर लघवी पुन्हा तपासा. सूक्ष्मदर्शकाखाली दर हाय पॉवर फील्डला (मोठं करून दिसणाऱ्या एका वर्तुळात) ३ किंवा जास्त लाल पेशी असतील तर पुढे जावं. डोळ्यांना दिसणारं, न दुखता आलेलं रक्त असेल तर कुठल्याही वयात दुर्बीण, म्हणजे मूत्रमार्गातून मूत्राशय आतून पाहणं. सोनोग्राफीत बारीक आणि चपट्या गाठी सुटतात, आणि सायटॉलॉजीत (लघवीतल्या पेशींच्या तपासणीत) लो ग्रेड पेशी नॉर्मलसारख्याच दिसतात. म्हणजे तरुणांत जी गाठ जास्त असते, तीच या तपासणीतून निसटते!

म्हाताऱ्यांत हेच खापर प्रोस्टेटवर किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर फुटतं.

शंकेखोर
आणि उपचार?

केमोकट्टा
रोग स्नायूत शिरला की वयाचा फरक जाणवतो. मूत्राशय काढण्याआधी सिस्प्लॅटिन या औषधावर आधारित केमो देतात. त्यासाठी जीएफआर (किडनी मिनिटाला किती मिली गाळते तो आकडा) साधारण ६० तरी हवा. इथे एक फसगत ठरलेली: वयस्कर माणसाचे स्नायू घटलेले असल्याने क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारं, किडनी गाळते ते द्रव्य) नॉर्मल येतं, जीएफआर मात्र ४५ निघतो. हिशेब करूनच ठरवा. ऐकू कमी येणं, हातापायांच्या बोटांना मुंग्या, हार्ट फेल्युअर हेही आड येतात. जन्मतारखेवर निर्णय नको. जी८ या वृद्धांसाठीच्या छोट्या प्रश्नावलीत १७पैकी १४ किंवा कमी गुण आले तर सविस्तर वार्धक्य-तपासणी करावी. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर जमेल तितकी गाठ खरवडून केमो आणि रेडिएशन एकत्र, हा चांगला पर्याय आहे. मात्र त्यासाठी किडनीला सूज नसावी आणि सीआयएस (अस्तरातला चपटा, हाय ग्रेड कर्करोग) पसरलेला नसावा.

तरुणांत केमोआधी शुक्राणू किंवा बीजांडं गोठवण्याविषयी विचारायलाच हवं. आतड्याचं नवं मूत्राशय त्यांना जास्त जमतं, पण गरज पडल्यास स्वतः कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायची तयारी हवी.

सूक्ष्मदर्शी
फेरतपासणीचं राहिलं. कमी जोखमीत दुर्बीण ३ आणि १२ महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत वर्षाला एकदा. जास्त जोखमीत पहिली दोन वर्षं दर ३ महिन्यांनी. सिगारेट सोडणं दोन्ही वयांना लागू.