लांब पल्ल्याच्या गाडीवर असताना मधुमेहाचे उपचार नियमित कसे ठेवावेत?

प्रश्न (चालक, शिरोली)
मी शिरोली एमआयडीसीतून कास्टिंगचा माल घेऊन होसूर आणि चेन्नईच्या फेऱ्या करतो. गेल्या वर्षी मला मधुमेह असल्याचे निदान झाले. सकाळच्या जेवणाआधी ग्लिमेपिराइड आणि जेवणानंतर मेटफॉर्मिन अशा गोळ्या चालू आहेत; परंतु कारखान्याच्या गेटवर गाडी रिकामी होण्याची वाट पाहताना ते जेवण कधी दुपारी तीनलाही होते. तपासणीच्या दिवशी गाडी बेळगावच्या पुढे असते आणि वाटेतल्या दवाखान्यात दाखवले, की प्रत्येक जण गोळ्या बदलतो. अशा वेळी काय करावे? मालकाला सांगावे का?

उत्तर (निवृत्त वैद्यकीय अधिकारी, राजारामपुरी)
साखर वाढण्यापेक्षा स्टिअरिंगवर असताना ती अचानक उतरणे अधिक घातक असते, आणि ग्लिमेपिराइड घेऊन जेवण लांबले तर नेमके तेच होऊ शकते. म्हणून आपल्या कामाच्या वेळा डॉक्टरांना स्पष्ट सांगून गोळी बदलता येईल का, हे विचारावे. स्वतःहून बंद मात्र करू नये. दरदरून घाम, हाताला थरथर किंवा धडधड जाणवल्यास गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी आणि साखर मोजावी. ती ७० च्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी; साखर पूर्ववत झाल्यावर काही खाऊन किमान पाऊण तास गाडी चालवू नये. मोजण्याच्या पट्ट्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत, उन्हाच्या तापाने त्या चुकीचे आकडे दाखवतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी उपाशीपोटी करावी लागत नाही, त्यामुळे गाडी कोल्हापुरात येईल त्या दिवशी, कोणत्याही वेळी, ती करता येते. रोज रात्री तळपाय पाहावेत, कारण मधुमेहाने संवेदना मंदावल्यास केबिनच्या तापलेल्या पत्र्याचा चटका कळत नाही.

उत्तर (चालक, कागल)
हे सर्व बरोबर आहे, पण तपासणीची तारीख आपल्या हातात नसते, भाडे लागले की निघावे लागते. त्यामुळे डॉक्टर एकच ठेवावा, चिठ्ठी आणि रिपोर्ट यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत, आणि वाटेत ताप-खोकल्यासाठी दाखवले तरी आधी तेच पुढे करावेत. गोळ्या एका फेरीपेक्षा जास्त दिवसांच्या बरोबर घ्याव्यात. धाब्यावर वेळेवर भाकरी मिळेल या भरवशावर राहू नये, डब्यात काहीतरी असावे. शासनाच्या ई-संजीवनी सेवेवर मोबाइलवरून मोफत सल्ला मिळतो, गाडी उभी असताना तोही उपयोगी पडतो.

उत्तर (ट्रान्सपोर्ट कार्यालयातील कारकून, उचगाव)
मालकाला सांगावे, असे माझे मत आहे. लपवलेला आजार अपघातानंतर उघड झाला, तर मालक आणि चालक दोघेही अडचणीत येतात. आयुष्मान भारत योजनेचे कार्ड असल्यास कर्नाटक, तमिळनाडूतील योजनेशी संलग्न रुग्णालयातही दाखल होऊन उपचार घेता येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. मात्र नेहमीची बाह्यरुग्ण तपासणी आणि गोळ्या त्यात येत नाहीत. त्यासाठी कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे आणि जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर आपले नाव ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) घातले आहे का, हे मालकाला जरूर विचारावे. फेरीवर पैसे घेणाऱ्या अनेकांची नोंदच झालेली नसते. परवान्याच्या नूतनीकरणासाठी लागणारे नमुना १-अ चे वैद्यकीय प्रमाणपत्र काही ठिकाणी न तपासताच मिळते, पण तसे घेऊ नका.