पासालुबोंग : खाऊ, वानवळा की भेट?

मनिलाकर :
शनिवारी सगळे मिळून पाम्पांगाला जाऊन आलो. मनिलाहून उत्तरेला आंजेलेस शहर, ८०-एक किलोमीटर. फिलिपिन्समध्ये खाण्यासाठी नाव घ्यावं ते याच प्रांताचं, त्यामुळे दिवसभर दुसरा कार्यक्रम नव्हता. सिसिग इथलंच. डुकराच्या डोक्याचं मांस उकडायचं, भाजायचं, बारीक चिरायचं, वर कांदा-मिरची; बिडाच्या तापल्या तव्यावर चरचरत समोर येतं, मग कालामान्सी, म्हणजे इथलं छोटं लिंबू, पिळायचं. गंमत म्हणजे १७३२च्या कापाम्पांगान (म्हणजे या प्रांताच्या भाषेच्या) शब्दकोशात सिसिग ही चक्क कोशिंबीर आहे : कच्ची पपई किंवा पेरू, त्याला मीठ, मिरी, लसूण, व्हिनेगर. आई सांगलीहून आलेली, शुद्ध शाकाहारी. तिला हा जुना अर्थ फारच पटला. तव्याकडे पाठ करून ती किसलेल्या कच्च्या पपईच्या 'आत्सारा'ची वाटी संपवत बसली. (आत्सारा म्हणजे आपलं अचारच, फक्त तेलाऐवजी व्हिनेगर-साखर.) शेवटी 'तिबोक-तिबोक', म्हशीच्या दुधाची मऊ वडी. मुलं खरवस म्हणाली, आईने लगेच दुरुस्त केलं : "खरवस चिकाचा. हे तांदळाच्या पिठाने आळलंय." तिबोक म्हणजे काळजाचा ठोका. शिजताना वरचा थर धडधडतो म्हणून हे नाव, असं सांगतात.

आता मुद्दा. सकाळी निघताना आमच्या इमारतीचा रखवालदार हसून म्हणाला, "पासालुबोंग को, हा!" म्हणजे, येताना माझं काहीतरी आणा. इथे कुणी कुठे निघालं की हे म्हणतातच, ऑफिसातले साहेबसुद्धा म्हणतात. आईने अर्थ विचारला, मी 'खाऊ' म्हणालो. तिने रखवालदाराच्या पिकल्या केसांकडे बघितलं आणि म्हणाली, "खाऊ?" तेव्हापासून शब्द शोधतोय.

गावठाण :
आईंचं बरोबर आहे. खाऊ वरून खाली येतो, आजोबांकडून नातवाकडे. पन्नाशीच्या माणसाला 'खाऊ आणलाय' म्हटलं तर ती थट्टा होते किंवा लाड.
आमच्याकडे 'वानवळा' आहे. रानात पहिल्या शेंगा आल्या, कणसं आली, की पिशवीभर पाहुण्यांकडे धाडायची. वय, मान काही आड येत नाही. पण वानवळा आपल्याच रानातला हवा, दुकानातून आणलेला वानवळा कुणी ऐकलाय का? आणि तो एसटीच्या कंडक्टरकडे दिला तरी पोचतो, आपण जावंच असं नाही.

मनिलाकर :
मग जमणार नाही. आम्ही दुकानातूनच घेतलं. 'तुरोनेस दे कासोय', पांढऱ्या पातळ कागदात गुंडाळलेली काजूची मिठाई. तो कागदही खायचा असतो हे आम्हाला निम्मा सोलल्यावर कळलं.

चौकटराजा :
'येताना काहीतरी आण' म्हणतोच की आपण. 'काहीतरी' पुरे. प्रत्येक गोष्टीला नाम लागतं कशाला?

तिरफळ :
लागतं, कारण नाम असलं की हक्काने मागता येतं. 'काहीतरी' मागताना आपण जरा ओशाळतो.

शब्द फोडून बघा. 'सालुबोंग' म्हणजे समोरून येणाऱ्याला सामोरं जाणं, गाठ पडणं. ईस्टरच्या दिवशी तिकडे पहाटे दोन मिरवणुका निघतात, एकीत उठलेला येशू, दुसरीत मारिया, आणि दोन्ही एकमेकींना येऊन मिळतात. त्या सोहळ्याचं नावही 'सालुबोंग'च. म्हणजे पासालुबोंगमध्ये आधी गाठ आहे, वस्तू नंतर.

आता आपला 'भेट' घ्या. भेट होते, भेट घेतो आणि भेट देतोही. वारीत माउली आणि सोपानकाका यांच्या पालख्यांची बंधुभेट होते, तेव्हा मानकरी एकमेकांना श्रीफळ देतात. गाठ आणि वस्तू दोन्ही एका शब्दात. भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणायचे ते यामुळेच. माझं मत 'भेट'ला.

गावठाण :
मूळ म्हणून मान्य. पण आज 'भेट' म्हटलं की चकचकीत कागद आणि रिबीनच डोळ्यापुढे येते. पाव डझन केळ्यांना कुणी भेट म्हणेल का?

मनिलाकर :
रात्री आईला हे वाचून दाखवलं. तिला केळ्यांचा मुद्दा पटला नाही. म्हणाली, "मी येताना लाडू आणले. तुझ्या पोरांना दिले तो खाऊ. खाली रखवालदाराला दोन दिले, तो उठून उभा राहिला, ती भेट." लाडू एकाच डब्यातले होते.

जाता जाता : जाताना बरोबर नेतात त्याला इथे 'बाओन' म्हणतात. प्रवासाची शिदोरी, शाळेचा डबा आणि मुलांचे रोजचे हातखर्चाचे पैसे, तिन्हीला हाच शब्द. त्याला काय म्हणायचं?