‘शाश्वत’ विकास म्हणायचं की ‘टिकाऊ’?

आडवातिडवा:
इंग्रजी ‘सस्टेनेबल’साठी शासकीय जाहिरातींपासून सोसायटीच्या कचरा-समितीपर्यंत ‘शाश्वत’ बोकाळलंय. शाश्वत शेती, शाश्वत पर्यटन, परवा तर शाश्वत फॅशन वाचलं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं ‘अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणो’ हे आत्म्याबद्दल आहे. कीर्तनात ‘देह अशाश्वत’ ऐकत आलेल्याला ‘शाश्वत विकास’ म्हणजे कधीच न थांबणारा विकास वाटला, तर त्याचं काय चुकलं? १९८७ मध्ये या विकासाची व्याख्या करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाला तर जवळजवळ उलटं म्हणायचं होतं: आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्यांनाही त्यांच्या भागवता येतील. म्हणजे हात जरा आखडता घ्या. हिंदीत ‘सतत’ म्हणतात, नेपाळीत ‘दिगो’. घरात ‘टिकाऊ’ असताना आत्म्याला कशाला वेठीला धरायचं?

मधलीआळी:
असहमत. टिकाऊ चिवडा असतो, चप्पल असते. प्लास्टिकची पिशवी तर भलतीच टिकाऊ! वस्तू स्वतः टिकणं वेगळं आणि तिने भोवतालचं टिकू देणं वेगळं. शिवाय संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेली १७ उद्दिष्टं मराठीत ‘शाश्वत विकास उद्दिष्टे’ म्हणूनच रुळलीत.

आडवातिडवा:
रुळलंय म्हणून बरोबर? मग बोलायलाच नको. पिशवीचा मुद्दा मात्र झोंबला.

काळीभोर:
शहरातल्या मंडळींनो, गीतेपर्यंत कशाला जाता? ‘पावसाची काय शाश्वती?’ हे आमच्याकडं निरक्षर म्हातारीही म्हणते. शाश्वती म्हणजे भरवसा, हमी. ‘शाश्वत पाणी’ म्हणजे मे महिन्यातही विहिरीत असलेलं पाणी. सरकारची ‘मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना’ आहे, तिचं नाव ऐकून कुणाला आत्मा आठवत नाही, शेततळं आठवतं.

आडवातिडवा:
मग घोळ आणखीच वाढला की! तुम्ही ‘हमखास पाणी’ ऐकताय आणि व्याख्या सांगते ‘जपून पाणी’. हमखास हवं म्हणून माणूस बोअर आणखी खोल घेणार. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठतं. एकाची शाश्वती म्हणजे शेजाऱ्याची विहीर कोरडी.

पाणलोट:
दोन्ही अर्थ एकाच गावात नांदू शकतात. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात शेतीसाठी बोअरवेलला बंदी आहे, ऊस-केळीलाही. पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. पाऊस कमी तर पेराही बेतानेच. हात आखडता घेतला म्हणून भरवसा आला. ‘टिकाऊ’ म्हटल्याने या गावाला काय जास्त कळलं असतं? माझं मत ‘शाश्वत’लाच, पण शाश्वत फॅशनवाल्यांना त्यातून वगळा.

मधलीआळी:
वगळलं!

काळीभोर:
हिवरे बाजारचं सगळे सांगतात. तिथं ग्रामसभेचा शब्द चालतो. आमच्याकडं बांधापलीकडच्यानं रात्रीत बोअरची गाडी लावली, तर त्याला थांबवायचं कुणी? तेवढं सांगा, मग शब्द तुम्हाला हवा तो ठेवा.