शब्दचर्चा : 'टेलिकॉम टायकून'ला मराठीत काय म्हणायचं? (थाकसिनच्या निमित्ताने)

थायलंडच्या थाकसिन शिनावात्रावर लेख लिहितोय आणि पहिल्याच ओळीत गाडी अडकलीय. 'टेलिकॉम टायकून' हे मराठीत कसं लिहू? पेपरवाले सरसकट 'दूरसंचार सम्राट' छापतात पण आपल्याकडे शिक्षणसम्राट, सहकारसम्राट ऐकून ऐकून त्या शब्दाला आता टोमण्याचा वास येतो, आणि 'बडे उद्योगपती' लिहिलं तर कारखानदार वाटतो.

माणूस थोडक्यात असा. जन्म १९४९, चियांग माईजवळचं सान काम्फाएंग, घरचा रेशमाचा धंदा. स्वतः पोलिसात, लेफ्टनंट कर्नलपर्यंत गेला, मधे अमेरिकेत जाऊन क्रिमिनल जस्टिसमधे डॉक्टरेट. नोकरीत असतानाच बायकोबरोबर धंदे, त्यातले सिनेमा वगैरे बुडाले आणि डोक्यावर कर्ज झालं, मग आपल्याच पोलीस खात्याला कॉम्प्युटर भाड्याने द्यायला लागला, तिथून पेजर, मोबाईल, सॅटेलाइट, आणि २००१ साली थेट पंतप्रधान. सुचवा काहीतरी.

* * *

टायकून मुळात जपानी. शोगुनचा (जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा) उल्लेख परदेशी लोकांपुढे करताना वापरायची ती पदवी, अर्थ साधारण 'थोर अधिपती'. तेव्हा सम्राट अगदीच चुकीचं नाहीये. पण मला तो शब्द आवडत नाही कारण पैसा आला कुठून हे त्यातून कळत नाही. याने काही शोध लावला नव्हता की फोन बनवले नव्हते. १९९० मधे सरकारी टेलिफोन संस्थेकडून मोबाईल सेवा चालवायचं २० वर्षांचं कन्सेशन मिळालं, नेटवर्क कंपनीने स्वखर्चाने उभं करायचं, मालकी सरकारच्या नावावर जायची आणि उत्पन्नातला ठरलेला हिस्सा सरकारला देऊन बाकी आपण कमवायचं. आता याला अस्सल जुना मराठी शब्द आहे की हो! मक्ता. सरकारने मक्ता लावून दिला, याने मक्त्याने घेतला. तो 'मोबाईलचा मक्तेदार'.

आणि कृपा करून कन्सेशनला 'सवलत' लिहू नका. एका भाषांतरात 'त्याला उपग्रहाची सवलत मिळाली' असं वाचलंय, जणू काही सेल लागला होता.

* * *

सवलतीवर हसलो. पण मक्तेदार म्हटलं की आजचा वाचक मोनोपॉली समजणार त्याचं काय? 'अकलेचा मक्ता काय तुम्हीच घेतलाय का' असं आपण म्हणतो ना, म्हणजे दुसऱ्या कोणाला वावच नाही. इथे त्याच्या एआयएस या मोबाईल कंपनीसमोर डीटॅक ही दुसरी कंपनी होती, तिला दुसऱ्या सरकारी संस्थेकडून कन्सेशन होतं. 'परवानाधारक' चालेल?

* * *

परवाना म्हणजे फक्त परवानगी हो. परवाना रिक्षालापण लागतो. मक्त्यात सरकारची वसुली, मुदत, हिस्सा सगळं येतं. मोनोपॉलीची अडचण खरी आहे पण ती 'मक्तेदारी' शब्दाने केलीय, 'मक्ता' अजून साफ आहे. त्यामुळे 'मक्तेदार' टाळा आणि 'मोबाईल आणि उपग्रहाच्या सरकारी मक्त्यांवर गब्बर झालेला' असं लिहा, लांब होईल पण खरं होईल. ठेकेदार नको, ठेकेदार म्हटलं की रस्त्यावरचे खड्डे दिसतात.

हा मुद्दा मी धरून बसलोय कारण पुढचं सगळं राजकारण या मक्त्याभोवतीच आहे. तो पंतप्रधान असताना प्रीपेड कार्डांवरचा सरकारचा हिस्सा २५ वरून २० टक्के झाला, हिश्श्याचा काही भाग अबकारी कराच्या रूपात वळवला गेला, आणि २०१० साली सुप्रीम कोर्टाने कुटुंबाचे ४६ अब्ज बाह्तहून (बाह्त हे थाई चलन) जास्त जप्त केले तेव्हा हेच निर्णय पुढे आले. म्हणजे मक्ता देणारा आणि घेणारा एकाच घरात. 'सम्राट' लिहिलंत तर वाचकाला हे समजणारच नाही.

* * *

बेनामीचं काय करणार आहात? आधी मंत्री असताना त्याने संपत्ती जाहीर केली त्यात बरेच शेअर दाखवलेच नव्हते, ते घरकाम करणाऱ्या बाईच्या, ड्रायव्हरच्या, वॉचमनच्या नावावर निघाले. ड्रायव्हर कागदावर कोट्यधीश आणि बिचारा गाडी पुसतोय! पंतप्रधान झाल्यावर केस घटनात्मक कोर्टात गेली, ऑगस्ट २००१ मधे ८ विरुद्ध ७ ने सुटला. त्याचं म्हणणं प्रामाणिक चूक झाली. इथे 'नामधारी भागधारक' वगैरे पुस्तकी लिहू नका, बेनामी म्हणजे सगळ्यांना कळतं. फक्त सुटका झाली हे त्याच वाक्यात घ्या, नाहीतर नुसत्या बेनामीने माणूस दोषी ठरवल्यासारखं होतं.

* * *

झकास, मक्ता आणि बेनामी दोन्ही घेतले. आता २००६ नंतरचं. १९ सप्टेंबर २००६ ला लष्कराने सत्ता घेतली तेव्हा हा न्यूयॉर्कमधे यूएनला. मग लंडन, मँचेस्टर सिटी फुटबॉल क्लब विकत घेतला, २००८ च्या फेब्रुवारीत परत येऊन विमानतळावर जमिनीला डोकं टेकवलं, ऑगस्टमधे बीजिंग ऑलिंपिकला म्हणून गेला तो आलाच नाही, थेट २०२३ मधे. या काळाला 'विजनवास' लिहिलंय, ठीक आहे ना?

* * *

अजिबात नाही! विजनवासात माणूस एकटा पडतो, कोणी विचारत नाही. हा दुबईत बसून फोनवर पक्ष चालवत होता, २०११ ला बहीण यिंगलक पंतप्रधान झाली तेव्हा पक्षाची घोषणाच होती 'थाकसिन विचार करतो, फ्यू थाई कृती करतो'. याला कसला विजनवास.

हद्दपारही नाही, कोणी काढला नव्हता. दोन टप्पे करा. २००६ ते फेब्रुवारी २००८ 'परदेशात राहावं लागलं', कारण तो गेला पंतप्रधान म्हणून आणि खुर्ची मागे राहिली. ऑगस्ट २००८ नंतर कोर्टात जमीन व्यवहाराची केस चालू होती आणि ऑक्टोबरमधे गैरहजेरीत २ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कायद्याच्या भाषेत फरार. त्याच्या लाल शर्टवाल्या समर्थकांना हे पटणार नाही, ते म्हणतील सूडबुद्धीच्या खटल्यांमुळे देश सोडावा लागला. दोघांना चालेल असा शब्द हवा तर 'परागंदा'. घरदार सोडून जावं लागलं एवढंच त्यात येतं, गुन्हा केला की नाही त्याबद्दल तो गप्प.

* * *

परागंदा माणूस प्रीमियर लीगचा क्लब विकत घेतो हे पहिल्यांदाच ऐकलं :)

आणि परतल्यावरच्या 'तुरुंगवासा'चं काय? २२ ऑगस्ट २०२३ ला आला, बाकीच्या खटल्यांतली मिळून ८ वर्षांची शिक्षा राजाने १ वर्षावर आणली, पहिल्याच रात्री तब्येतीच्या कारणाने पोलीस हॉस्पिटलच्या १४व्या मजल्यावर आणि तिथूनच फेब्रुवारी २०२४ मधे पॅरोलवर बाहेर. कोठडीत एक दिवससुद्धा धड काढला नाही. आपण जेलला गमतीने सरकारी पाहुणचार म्हणतो, इथे तो शब्दशः झाला. सप्टेंबर २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉस्पिटलमधला मुक्काम शिक्षेत धरणार नाही, १ वर्ष आत जा. म्हणून त्या सहा महिन्यांना 'तुरुंगवास भोगला' लिहू नका, 'शिक्षेचा काळ हॉस्पिटलात काढला' लिहा.

* * *

जरा अवांतर. नाव थायमधे ज्या अक्षरांनी लिहितात ती बघितलीत तर ते सरळ आपलं 'दक्षिण' आहे, द चा उच्चार थ होतो आणि शेवटचा ण न होऊन बसतो. आडनावातला 'शिन' म्हणजे 'जिन', जिंकलेला. गंमत अशी की हा दक्षिण उत्तरेतला, मतं उत्तरेची आणि ईशान्येची, ३० बाह्तमधे उपचार आणि गावागणिक १० लाखांचा फंड यांच्यावर तिकडची जनता फिदा. २००५ ला ५०० पैकी ३७७ जागा आणल्या तरी दक्षिण थायलंडमधे डाळ शिजली नाही ती नाहीच, आणि २००४ चं ताक बाई या गावातलं प्रकरण, जिथे अटक केलेली माणसं लष्करी ट्रकमधे एकावर एक रचली आणि ७८ गुदमरून मेली, तेही दक्षिणेतच. लेखात हे घ्याच.

* * *

ताक बाई घेतोय, त्याला स्वतंत्र परिच्छेद देतो. नाव थाकसिनच ठेवतो, थक्सिन, टाकसिन असं काय काय छापलेलं दिसतं. पहिली ओळ आता अशी झालीय : 'मोबाईल आणि उपग्रहाच्या सरकारी मक्त्यांवर गब्बर झालेला एक माजी पोलीस अधिकारी २००१ मधे मक्ते देणाऱ्या सरकारचाच प्रमुख झाला.' 'गब्बर'वर संपादक पेन्सिल मारणार बहुतेक. 'धनाढ्य' करू का?

* * *

गब्बरच राहू द्या. धनाढ्य जन्मतःही असू शकतो, गब्बर व्हावं लागतं.